जुन्या गाडीला कोणता पंखा? इंदुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंगपंचमीची गेर झाली, राजवाड्यावरचा रंग धुऊन निघाला, की आठवड्याभरात फोन सुरू होतात. "काका, तापमानाचा काटा वर जातोय." "दादा, सियागंजात चौदा इंची पंखा बघितलाय, घेऊ का?" मी मेकॅनिक नाही. दारात १९६८ची फियाट आहे, मामांकडे मॉरिस मायनर आहे, आणि दोन्ही गाड्यांच्या बॉनेटखाली मान घालून बरीच वर्षं झाली, एवढंच. रेडिएटर गार ठेवणाऱ्या पंख्याबद्दलची तीच तीच उत्तरं फोनवर देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

गाडी गरम होते. पंखा बदलला तर थांबेल का?

आधी सांगा, कधी गरम होते? विकत काहीही घेण्याआधी याचं उत्तर मिळालं पाहिजे.

जवाहर मार्गावर रांगत चालताना काटा चढतो आणि बायपासला लागून पन्नासचा वेग धरला की खाली येतो, तर दुखणं हवेचं आहे. पंखा, त्याच्याभोवतीचा पत्र्याचा घेरा (काऊल), बेल्ट, तिथेच शोधा. उलट, गावात ठीक असते आणि देवास रोडला सत्तर-ऐंशीवर गेली की तापते, तर पंख्याचा काहीच दोष नाही. त्या वेगाला समोरून येणारा वाराच पुरेसा असतो. पंखा काढून घरी ठेवलात तरी फारसा फरक पडू नये. अशा वेळी कोंदलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप, उशिरा पडणारी ठिणगी, पेट्रोलचं पातळ मिश्रण किंवा गेलेलं हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं सील) बघायचं. आणि जी गाडी सगळीकडेच तापते तिच्या रेडिएटरच्या कॅपखाली बुडबुडे येतात का ते पाहा. येत असतील तर पंख्याचे पैसे हेडच्या कामाला ठेवा.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. फियाट नवीनच घेतली होती तेव्हा ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात तिने पाणी फेकलं. घरी येऊन मी सगळ्यात मोठा मिळाला तो इलेक्ट्रिक पंखा बसवला. पुढच्या महिन्यात त्याच वळणावर पुन्हा तेच. शेवटी सापडलं काय, तर रेडिएटरच्या खालचा होज पाइप. मऊ पडला होता आणि आतली स्प्रिंग कुणीतरी कधीतरी काढून टाकलेली. ती बाजू पंपाच्या ओढीची. इंजिनाचा वेग वाढला की पाइप चपटा व्हायचा आणि पाणी तिथेच अडायचं. गाडी उभी असताना बघितलं तर पाइप अगदी गोलमटोल, ठणठणीत! बॉनेट उघडून एकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबला तेव्हाच ते दिसलं.

पण मूळ पंख्यावर गाडी पन्नास वर्षं चालली. आताच का पुरत नाही?

पंखा तोच आहे, रस्ता बदलला. बेल्टवर फिरणारा पंखा साधारण इंजिनाच्याच वेगाने फिरतो. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) इंजिन मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांवर, म्हणून पंखाही तेवढ्यावरच. जेव्हा त्याची सगळ्यात जास्त गरज, नेमका तेव्हाच तो सगळ्यात सुस्त. ज्या काळात ही गाडी बनली त्या काळात पलासियावरून राजवाड्याला जाताना ती फारशी थांबतच नसे.

शिवाय रेडिएटरचं वय. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलेलं असतं, नळ्यांत चुना बसतो, बाहेरून जाळीत मातीचा लेप. इंजिन गरम असताना रेडिएटरच्या समोरून हात फिरवा (पंखा बंद असेल तेव्हाच!) किंवा बंदुकीसारखा थर्मामीटर मिळतो तो धरा. एखादा पट्टा गार लागला तर तिथून पाणी जातच नाही. आणि बेल्ट: दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबायला हवा. ढिला असला तर पंखा आणि पंप दोघंही घसरतात.

बेल्टवरचा ठेवू की इलेक्ट्रिक लावू?

पंख्याचं गणित गमतीचं आहे. वेग तिप्पट केला तर हवा तिप्पट मिळते, पण खाल्लेली ताकद सत्तावीस पट होते. म्हणजे बेल्टवरचा पंखा आयडलिंगला जवळजवळ काहीच खात नाही आणि काही देतही नाही. हायवेवर, जिथे त्याची गरजच नाही, तिथे इंजिनाची ताकद ओरपत बसतो आणि वर आवाज करतो. इलेक्ट्रिक पंख्याला इंजिनाच्या वेगाशी देणंघेणं नाही. जाममध्ये उभं असतानाही तो पूर्ण वेगाने फिरतो. इंदूरसारख्या गावात हाच त्याचा खरा उपयोग.

माझं मत: रविवारी सकाळी मांडू किंवा महेश्वरला जाऊन येणारी गाडी असेल तर मूळ पंखा, नीट काऊल आणि साफ रेडिएटर यांवर निभतं. रोज गावात काढत असाल तर इलेक्ट्रिक लावा. मूळ पंखा तसाच ठेवून पुढच्या बाजूला एक छोटा इलेक्ट्रिक मदतनीस बसवायचा, हा मामांच्या मायनरवरचा तोडगा. तो मला सगळ्यात कमी धोक्याचा वाटतो. एक बिघडला तर दुसरा घरी आणतो.

जास्त पात्यांचा पंखा घातला तर?

मायनरसारख्या गाड्यांना मुळात दोन पात्यांचा पंखा येई. थंड देशात पुरत असेल. चार किंवा सहा पात्यांचा घातला तर आयडलिंगला फरक पडतो, हे खरं. पण दोन गोष्टी सांभाळा. वजनदार पंख्याचा सगळा भार वॉटर पंपाच्या बेअरिंगवर येतो, त्यामुळे पंख्याला हाताने पुढेमागे हलवून बघा. खेळ असेल तर आधी पंप. दुसरं, पत्र्याच्या जुन्या पंख्याला रिव्हेटपाशी तडे जातात. घासून, धुऊन, उन्हात धरून बघा. तडा दिसला तर वेल्डिंग करून घेऊ नका, फेकून द्या. सुटलेलं पातं बॉनेट फाडून बाहेर येतं. म्हणूनच इंजिन चालू असताना पंख्याच्या बाजूला, त्याच्या रेषेत उभं राहू नये. माझे वडील यावरून इतके ओरडायचे की आता सवयच झाली आहे.

किती इंची घ्यावा? डब्यावर लिहिलेला सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा) आकडा खरा मानायचा का?

तो आकडा बहुतेकदा पंखा मोकळ्या हवेत फिरवून काढलेला असतो. रेडिएटरची जाळी समोर आली की तो बराच खाली येतो. त्यापेक्षा पंखा किती अँपिअर खातो ते विचारा. मोटार जेवढं खाते त्याहून जास्त काम करू शकत नाही. पाच अँपिअरचा पंखा दोन हजार सीएफएमची फुशारकी मारत असेल तर हसून पुढच्या दुकानात जा.

इंचांचं म्हणाल, तर दुकानात जाण्याआधी टेप घेऊन बसा. रेडिएटरच्या जाळीची रुंदी आणि उंची मोजा (टाक्या सोडून), आणि वॉटर पंपाच्या पुलीपासून जाळीपर्यंत किती जागा आहे तेही. जुन्या गाड्यांत ही जागा फार थोडी असते आणि मोटारीचा फुगवटा नेमका पुलीवर येतो. फियाट किंवा मायनरच्या आकाराच्या गाडीला दहा ते बारा इंची बहुधा बसतो. अँबेसेडरला बारा, जागा असली तर चौदा. इंजिन जुन्या माउंटवर हलतं, म्हणून मोटार आणि पुलीत बोटभर तरी अंतर राहू द्या.

रेडिएटरच्या पुढे की मागे?

मागे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, हवा ओढणारा. तो समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेत उभा राहत नाही. मागे जागाच नसेल तर पुढे, ढकलणारा. दुकानदार म्हणेल, "दोन्हीकडे चालतो, वायर उलट करा." सरळ पात्यांच्या पंख्याला हे चालतं. वळण दिलेल्या पात्यांचा असेल तर वायरही उलटी करायची आणि पातंही काढून उलटं बसवायचं, नाहीतर हवा अर्धीमुर्धीच येते.

आणि जाळीतून आरपार घालायच्या त्या प्लास्टिकच्या खिळ्या मिळतात पंख्यासोबत, त्या कचऱ्यात टाका. कंपनाने त्या नळ्यांना घासतात आणि वर्ष-दोन वर्षांत रेडिएटर ठिबकायला लागतो. रेडिएटरच्या बाजूच्या पट्ट्यांना पत्र्याचे ब्रॅकेट लावून पंखा त्यावर धरा.

काऊल एवढं महत्त्वाचं आहे का? माझ्या गाडीत तर नाहीच.

नाहीच म्हणजे बहुधा कुणीतरी काढून टाकलंय. पंप बदलताना आड येतं म्हणून काढतात आणि मग गॅरेजच्या कोपऱ्यात राहतं.

काऊल म्हणजे पंख्याभोवतीचा पत्र्याचा घेरा. तो नसेल तर पंखा फक्त आपल्यासमोरच्या गोलातून हवा ओढतो. शिवाय पात्यांच्या टोकांपाशी तीच गरम हवा गोल गोल फिरत राहते. जाळीचे चारही कोपरे उपाशी. मी नवीन पंख्याआधी काऊल करून घ्यायला सांगतो ते यासाठी, आणि बरेच जण नंतर पंखा घेतच नाहीत.

घरी करायची तपासणी सोपी आहे. इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवा, कालच्या नईदुनियाचं एक पान घ्या आणि समोरून रेडिएटरला लावा. पान सगळ्या जाळीवर चिकटून बसलं तर उत्तम. मधेच चिकटलं आणि कोपरे फडफडत राहिले तर काऊल नाही किंवा चुकीचं आहे. पान तुमच्याकडेच उडून आलं तर पंखा उलटा फिरतोय! यावर पुढे लिहिलंय.

काऊल करून घेताना पत्रेवाल्याला तीन गोष्टी सांगा. ते जाळीच्या कडांना फोमची पट्टी लावून घट्ट बसलं पाहिजे, पात्याची टोकं आणि घेरा यांत एक इंचाहून कमी फट हवी, आणि बेल्टवरच्या पंख्याची पाती जाडीच्या निम्मी आत, निम्मी बाहेर असावीत. पूर्ण आत ढकललेला पंखा हवा बाहेर फेकू शकत नाही. इलेक्ट्रिक पंखा असेल तर घेरा आणि जाळी यांत एक-दोन इंच पोकळी ठेवा, म्हणजे कोपऱ्यांतली हवाही ओढली जाते.

माझ्या गाडीत डायनामो आहे. इलेक्ट्रिक पंखा झेपेल?

डायनामो म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं जुन्या पद्धतीचं यंत्र. हिशोब मांडू. ल्युकासचा सी-४० डायनामो फार तर २२ अँपिअर देतो, तोही इंजिन चांगलं फिरत असताना. हेडलाइट आठ, इग्निशन तीन-चार, मागचे दिवे आणि मीटरचे मिळून दोन, पाऊस असेल तर वायपरचे आणखी तीन. झाले सोळा-सतरा. त्यावर बारा इंची पंख्याचे दहा. हिशोब तुटीत.

पण खरी गोम पुढेच आहे. आयडलिंगला डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. तो लाल दिवा मिणमिणतो ना, त्याचा अर्थ तोच. म्हणजे जाममध्ये पंखा बॅटरीवरच चालतो. दिवसा, अर्धा तास, चाळीस अँपिअर-अवरच्या धडधाकट बॅटरीवर काही बिघडत नाही. लग्नाच्या सीझनमध्ये, रात्री, दिवे लावून तासभर वरातीच्या मागे अडकलात तर बॅटरी बसेल. डायनामोच ठेवायचा असेल तर सात-आठ अँपिअरपर्यंतचा छोटा पंखा घ्या आणि डॅशबोर्डखाली एक व्होल्टमीटर लावा. मोठा हवा असेल तर अल्टरनेटर, म्हणजे नव्या गाड्यांतलं वीज बनवणारं यंत्र. सहा व्होल्टची गाडी असेल तर इलेक्ट्रिकचा नाद सोडा, काऊल आणि रेडिएटरवर पैसे लावा.

पंखा उलटा का फिरतो?

जुन्या ब्रिटिश बनावटीच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह बॉडीला असतं. आपल्याला सवय लाल वायर "गरम" (करंट असलेली) मानायची, पण इथे लाल बॉडीला आणि काळी गरम. पंख्याची मोटार कायमच्या चुंबकाची असते, वायरी बदलल्या की दिशा बदलते. मामांच्या मायनरवर हेच झालं होतं. पंखा जोरात फिरतोय, आवाज छान येतोय आणि काटा मात्र चढतोच आहे! समोरचा वारा आत येऊ पाहतोय आणि पंखा त्याला बाहेर हाकलतोय. दोन वायरींची अदलाबदल केली, पाच मिनिटांचं काम. मोटारीचं आवरण वायरींपासून अलग आहे ना, तेवढं आधी मीटर लावून बघून घ्या.

मारुती ८००चा पंखा चालतो म्हणतात?

चालतो. कित्येकांनी लावलाय. मागच्या बाजूने ओढणारा, आटोपशीर, आपल्याच उन्हासाठी बनलेला आणि सुटे भाग कुठेही मिळतात. त्याचं प्लास्टिकचं काऊल सोबत घ्यायला विसरू नका. जुन्या बाजारात घेताना बॅटरी लावून पाच मिनिटं चालवा, अँपिअर मोजा, आसाला हाताने हलवून बघा. जळकट वास आला तर ठेवून द्या. परदेशातून मागवलेल्या महागड्या पंख्यापेक्षा मला हा जास्त भरवशाचा वाटतो, पण गाडी सजवून रॅलीत नेणाऱ्यांना बॉनेटखाली मारुतीचा भाग दिसलेला खपत नाही. ज्याची त्याची हौस.

वायरिंग कसं करायचं?

रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावूनच. इग्निशनच्या जुन्या स्विचमधून दहा अँपिअर ओढले तर तो वितळतो. बॅटरीजवळ फ्यूज (पंख्याच्या चालू अँपिअरच्या दीडपट धरा, कारण सुरू होताना मोटार झटका घेते), तिथून अडीच चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून पंख्याला. मोठा पंखा असेल तर वायर चार चौरस मिलिमीटरची. ८५ आणि ८६ यांपैकी एकाला इग्निशन, दुसऱ्याला थर्मोस्विचमधून (पाणी तापलं की जोडला जाणारा स्विच) अर्थ. अर्थ रंग खरवडून, उघड्या लोखंडाला.

थर्मोस्विचचा आकडा थर्मोस्टॅटपेक्षा (पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप) वर हवा. थर्मोस्टॅट ८२ अंशांवर उघडत असेल तर पंखा नव्वदच्या आसपास सुरू आणि पंच्याऐंशीच्या आसपास बंद व्हावा. स्विच ऐंशीचा घेतलात तर पंखा दिवसभर बंदच होणार नाही. खालच्या टाकीत बसवलात तर तिथलं पाणी गार झालेलं असतं, तिथे आकडा पाच-सात अंशांनी खाली धरा. होजमध्ये खुपसायची केसासारखी बारीक नळी येते ती ठिबकते. रेडिएटरवाल्याकडून टाकीला आटे पाडून स्विच बसवून घ्या. सोबत हाताने चालू करायचं एक बटण ठेवा, पण त्याला छोटा दिवा लावा, नाहीतर चालू राहिलेलं कळत नाही.

मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट काढून टाका, गार राहील.

बऱ्याच गॅरेजांत हे सांगतात. हिवाळ्यात इंजिन कधी नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं, तेलात पाणी आणि काजळी साठते. उन्हाळ्यात तर गाडी उलट जास्तही तापू शकते, कारण काही इंजिनांत पाणी रेडिएटरला बगल देऊन जवळच्या वाटेने फिरतं. अडकलेला थर्मोस्टॅट काढा जरूर, पण त्या जागी नवीन घाला. भगोण्यात पाणी उकळून त्यात सोडा, उघडताना दिसतो.

पाणी, कूलंट, कॅप?

इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळतं. सात पीएसआयची (पीएसआय हे दाबाचं माप) रेडिएटरची चांगली कॅप तो बिंदू अकरा-बारा अंशांनी वर नेते. रबर गेलेली कॅप काहीच करत नाही, आणि लोक पंखा बदलतात! कूलंट तीस टक्के, बाकी डिस्टिल्ड पाणी. आपल्याकडे गोठायची भीती नाही, गंजाची आहे. मूळ कॅप सातची असेल तर हौसेने तेराची लावू नका, जुना रेडिएटर सांध्यात फुटतो.

इलेक्ट्रिक पंख्याने गाडीची "ओरिजिनल" किंमत जाते का?

या गावाला गाड्यांची हौस कालची नाही. दुसऱ्या यशवंतराव होळकरांसाठी अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग एसजेवर लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी चढवली होती. तशा गाडीला कुणी भोक पाडलं तर मीच पोलिसांत देईन.

तुमच्या-माझ्या गाडीसाठी: २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या आणि मोठे फेरबदल न झालेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदता येतं, नंबरात "व्हीए" येतं. तेव्हा नवं भोक न पाडता, आहेत त्याच बोल्टांवर ब्रॅकेट करा. काढलेला मूळ पंखा, स्पेसर आणि बोल्ट तेल लावून एका डब्यात ठेवा. आणि पंखा काढल्यावर तेच लांब बोल्ट पुलीत परत घालू नका. आत जाऊन पंपाच्या बॉडीला घासतात. आखूड घ्या.

एसी लावून घेतलाय.

कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे बसला म्हणजे तापलेली हवाच रेडिएटरला मिळणार. कंडेन्सरसमोर ढकलणारा पंखा हवाच, एसी लागताच सुरू होणारा. डायनामोवर हे जमत नाही.

माझी बीटल आहे.

बीटलचं इंजिन हवेनेच गार होतं. तुम्हाला पाणी नाही, रेडिएटर नाही. तुमचा पंखा डायनामोच्याच आसावर, पत्र्याच्या घरात. बेल्ट तुटला की गाडी तिथेच थांबवायची, एक किलोमीटरही पुढे नाही. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबर जागेवर आहेत ना तेवढं बघा.

भर जाममध्ये काटा लालवर गेला तर?

पीथमपूरला गाड्या पळवून बघायला ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, आपल्या गाडीची परीक्षा मात्र खजुरी बाजारात. बेल्टचा पंखा असेल तर न्यूट्रलमध्ये टाकून पंधराशे फेऱ्यांपर्यंत इंजिन वाढवा. पंप आणि पंखा दोन्ही जोरात फिरतात आणि काटा बहुधा उतरतो. गाडीत हीटर असेल तर पूर्ण चालू करा, मे महिना असला तरी. तोही एक छोटा रेडिएटरच आहे. मिनिट-दोन मिनिटांत उतरला नाही तर बाजूला घ्या, बंद करा, बॉनेट उघडा. कॅपला अर्धा तास हात लावायचा नाही. मग जाड फडकं टाकून अर्धा आटा, फुसफुस संपू द्या, नंतर पूर्ण. पाणी घालताना इंजिन चालू आणि धार बारीक. तापलेल्या हेडवर एकदम गार पाणी ओतलं तर ते तडकतं, आणि फियाटचं हेड आता शोधायला मुंबईच गाठावी लागते.